वेलीच्या भिंतीमागचा झेल

"काका, आता सॉसेज पळणार," मिहीर म्हणाला.

मला वाटलं, पोराचं मराठी घसरलं. पण खरोखरच मैदानाच्या कडेनं चार सॉसेज पळत आले. म्हणजे माणसंच, पण डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सॉसेजचं सोंग घेतलेली. अख्खं स्टेडियम उभं राहून त्यांच्या नावानं ओरडायला लागलं. त्यातला एक अडखळून पडला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या आजीबाईंनी कपाळाला हात लावला. बहुतेक त्यांचा तोच होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"रेस आहे, काका. प्रत्येक मॅचला असते. वातावरणासाठी."

"आमच्याकडे मॅच वेगळी आणि बहुरूपी वेगळे असतात."

"हो काका," मिहीर म्हणाला. "अगदी बरोबर आहे तुमचं."

मी मान फिरवून त्याच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर चेष्टा नाही, राग नाही, काही नाही. गुळाचा गणपती. सकाळी गाडीत बसल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. मी म्हणालो, उकडतंय. तो म्हणाला, हो काका. पाच मिनिटांनी मी म्हणालो, गार वारा सुटलाय. तो म्हणाला, हो काका, आणि खिडकी वर केली.

मी भालचंद्र उंबरजकर. नोकरी सोलापूरला रेल्वेत आणि सुट्टीच्या दिवशी क्रिकेटचं अंपायरिंग. पार्क मैदानावर ज्यानं माझी तक्रार केली नाही असा कॅप्टन सापडायचा नाही, आणि पुढच्या मॅचला उंबरजकरच पाहिजे असं ज्यानं म्हटलं नाही असाही सापडायचा नाही. ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची आहे. मी नुकताच रिटायर झालो होतो. माझी एकुलती एक मुलगी वृंदा शिकागोत नोकरी करत होती. तिथं तिनं एक मुलगा पसंत केला होता आणि मला त्याला बघायला बोलावलं होतं. सुमनचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हते. म्हणून तिनं मला एकट्याला पाठवलं आणि निघताना बजावलं, "मुलगा बघायला चाललाय, मॅच लावायला नव्हे. जरा गोडीनं घ्या."

विमानतळावरून घरी जातानाच वृंदानं मला स्पष्ट सांगितलं होतं. "अण्णा, तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करणार नाही. पण नुसतं नाही म्हणून चालणार नाही. कारण सांगावं लागेल."

आउट दिला तर कसा आउट ते सांगा, ही सवय तिला आमच्याच घरात लागलेली.

मिहीर पळसुले हा पुलांचा इंजिनिअर. आईवडील मूळचे वाईचे. तो सहा वर्षांचा असताना अमेरिकेत आले. आजीजवळ वाढल्यामुळे मराठी चांगलं बोलायचा, फक्त जरा जुन्या वळणाचं. पगार चांगला, सिगारेट नाही, आई-वडील साधे. कागदावर बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. त्याला वेड एकच होतं, बेसबॉलचं. मी क्रिकेटवाला आहे असं कळल्यावर त्यानं आठ दिवसांची रजा टाकली आणि तीन मैदानांचा बेत आखला. "काकांना वातावरण दाखवतो," म्हणाला. जिथं माणसं नुसती मॅच बघत नाहीत, तर जगतात, अशी तीन ठिकाणं.

पहिलं हे मिलवॉकी. तिथं घरच्या संघानं सिक्सर मारला की, म्हणजे त्यांच्या भाषेत होमरन, एक मिशीवाला सोंगाडी उंचावरच्या घसरगुंडीवरून खाली येतो. मी तोही बघितला. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. सगळ्यांच्या हातात भाजलेल्या शेंगांच्या पिशव्या, फोलपटं खुशाल पायाशी टाकायची, कुणी काही म्हणत नाही. शेंगा खात मॅच बघणाऱ्या माणसांबद्दल सोलापूरकराला परकेपणा वाटूच शकत नाही. पण मी तसं बोलून दाखवलं नाही. मी तिथं शेंगा खायला आलो नव्हतो.

परत येताना वृंदा गाडीच्या मागच्या सीटवरून म्हणाली, "कसं वाटलं अण्णा?"

"खेळ कमी, जत्रा जास्त."

"अहो, पण त्यातपण—"

"तुला काय कळतंय त्यातलं? गप बस."

मिहीरनं आरशातून मागं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

तुम्ही म्हणाल, मुलगा नम्र आहे, मग या म्हाताऱ्याचं पोट का दुखतंय? तर सांगतो. माझी थोरली बहीण कुसुमअक्का. तिच्या नवऱ्याला, भाऊसाहेबांना, मी कधी कुणाला नाही म्हणताना ऐकलं नाही. बघायला आले तेव्हा आमचे वडील खूश होऊन गेले होते. किती गोड माणूस! तो गोडवा अक्कानं तीस वर्षं निस्तरला. आईला नाही म्हणता आलं नाही म्हणून अक्काची नोकरी सुटली, भावाला नाही म्हणता आलं नाही म्हणून राहतं घर गेलं, आणि भाऊसाहेब शेवटपर्यंत सगळ्यांशी गोडच राहिले. त्यांच्यावर चिडायचीसुद्धा सोय नव्हती. अक्काला बघून मी एक गाठ मनाशी बांधली होती: भांडणारा जावई चालेल, पण होयबा नको. मैदानावरही माझा हाच अनुभव. जो बोलर ऊठसूट अपील करतो, त्याचं मला भय वाटत नाही. जो कधीच काही बोलत नाही, त्याच्या मनात काय शिजतंय ते देवालाच ठाऊक.

म्हणून दुसऱ्या मैदानाला निघताना मी ठरवलं, याला डिवचायचं. बघू या कुठं पाणी लागतंय का.

सेंट लुईस गाडीनं पाच तासांवर. सगळं गाव लाल कपड्यांत. लाल टोपी, लाल शर्ट, तान्ह्या पोरांना लाल टोपडी. ऊन असं की मला सोलापूर आठवलं. तिथली माणसं मात्र मला मनापासून आवडली. समोरच्या संघाच्या एका पोरानं सूर मारून अशक्य झेल घेतला, तर घरच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होतो, पण मी कामावर होतो.

"हातात एवढं मोठं चामड्याचं सूप घालून कुणीही कॅच घेईल," मी म्हणालो. "आमची पोरं उघड्या हातानं घेतात. हे सगळे भित्रे."

मिहीरच्या गालाची शीर हलली. मला आशा वाटली.

"हो काका," तो म्हणाला. "तसं म्हणता येईल."

"या खेळाला डोकं लागतच नाही. दिसला बॉल की घुमव दांडकं."

"हो काका, एका दृष्टीनं बरोबर आहे."

"लहान पोरांचा खेळ. आमच्याकडे मुली खेळतात असलं."

"हो काका."

वृंदा पलीकडे बसून डोळ्यांनीच त्याला काहीतरी सांगत होती. मला वाटलं, ती त्याला सांभाळून घे म्हणतेय. मी हात टेकले. पालथ्या घड्यावर पाणी. परतीच्या पाच तासांत मी मनातल्या मनात कारण तयार करत होतो. मुलगी विचारणार, का नाही? मी काय सांगणार? फार गोड आहे म्हणून? जगात कुठल्या बापानं हे कारण दिलं असेल? ती रडेल, आणि मग माझं ऐकेल. तिनं शब्द दिला होता आणि ती शब्द पाळणारी होती. याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. तिच्या आयुष्यातला आनंद माझ्या एका बोटावर अवलंबून होता आणि बोट वर जायला लागलं होतं.

तिसरं मैदान शिकागोतलंच, जुनं. दुपारची मॅच. गंमत म्हणजे पाहुणे तेच, सेंट लुईसचे लालवाले. मैदानाच्या टोकाला विटांची भिंत, आणि ती अख्खी हिरव्या वेलीनं झाकलेली. बॉल वेलीत अडकला तर सापडत नाही म्हणे. स्कोअरबोर्डवरचे आकडे अजून माणूस आत बसून हातानं बदलतो. ते बघून माझा जीव जरा निवला. आसपासच्या घरांच्या गच्च्यांवरसुद्धा माणसं बसलेली. आमची जागा त्या वेलीच्या भिंतीच्या बरोबर मागं, उघड्या बाकांवर. बसायला गादी नाही, डोक्यावर छप्पर नाही, आणि शेजारच्याचा कोपर आपल्या बरगडीत. थोडक्यात, क्रिकेट बघायची हीच योग्य जागा.

मिहीर त्या दिवशी वेगळाच दिसत होता. हातात एक जुनापुराणा चामडी ग्लोव्ह, पट्टा दोनदा शिवलेला.

"हा कशाला?" मी वृंदाला विचारलं.

"बॉल इकडे आला तर झेलायला. आठ वर्षांचा होता तेव्हापासून या मैदानावरच्या दर मॅचला आणतो. अजून एकदाही आलेला नाही."

"एवढ्या वर्षांत एकही नाही?"

"एकही नाही. एकदा पुढच्या रांगेत पडला होता."

मला भाऊसाहेब आठवले. वाट बघत बसायचं, ओरडायचं नाही, पुढं घुसायचं नाही. मी शेंगांची पिशवी उघडली आणि मॅच बघायला लागलो. खेळ रंगला होता. आठ दिवसांत मला थोडं थोडं कळायला लागलं होतं. कोण कुठं पळणार, बोलर काय फसवणार, याचा अंदाज बांधता येत होता. आमच्या बाकांवरची मंडळी पाहुण्यांच्या फिल्डरला नावानिशी हाका मारून त्याच्या आईबापापर्यंत पोचली होती. मिहीरही मोठमोठ्यानं ओरडत होता. त्याला एवढा आवाज आहे हे मला तेव्हाच कळलं.

मॅच अर्ध्याच्या पुढं गेली असेल. पाहुण्यांचा एक आडदांड गडी बॅटिंगला आला. पहिलाच बॉल त्यानं असा उचलला की आवाजावरून मी ओळखलं, हा मैदानात राहत नाही. बॉल वर गेला, उन्हात दिसेनासा झाला आणि परत दिसला तेव्हा सरळ आमच्याकडे येत होता.

मिहीर उभा राहिला. ग्लोव्ह वर केला. "माझा!" तो मराठीत ओरडला. "माझा! माझा!"

आता इथं माझी बाजू ऐकून घ्या. मी तरुणपणी कव्हरला उभा राहत होतो. समोरून बॉल येताना दिसला की माझे हात माझी परवानगी विचारत नाहीत. शेंगांची पिशवी कुठं गेली मला माहीत नाही. मी उठलो, मिहीरच्या ग्लोव्हच्या वीतभर पुढं दोन्ही हात नेले आणि बॉल माझ्या पंजात थाडकन येऊन बसला. हाताला मुंग्या आल्या, पण सुटला नाही. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, उघड्या हातानं.

आणि मग जे कुठलाही क्रिकेटवाला करेल ते मी केलं. बॉल प्रेक्षकांत आला की तो परत द्यायचा असतो. त्याशिवाय खेळ पुढं सरकणार कसा? हा संस्कार आमच्या हाडांत आहे. मी एक पाय बाकावर रोवला आणि खांद्यावरून बॉल मैदानात फेकला. थ्रो असा सुरेख बसला की बॉल भिंतीवरून, त्या फिल्डरच्या डोक्यावरून जाऊन हिरवळीवर पडला.

स्टेडियम पेटलं. मी अतिशयोक्ती करत नाही. बाकांवरचे सगळे उभे राहिले. मागच्या एका धिप्पाड माणसानं मला मिठी मारली, कुणी माझ्या टकलावर बिअर शिंपडली, आणि एका पोरीनं आपल्या डोक्यावरची निळी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. ते सगळे काय ओरडत होते ते मला कळेना, पण शाबासकी कुठल्याही भाषेत कळते. मी दोन्ही हात वर करून अभिवादन स्वीकारलं. मला वाटलं, कॅच आवडला.

वळून बघतो तर मिहीर तसाच उभा, रिकामा ग्लोव्ह हवेत. चेहरा लालबुंद.

"काका," तो म्हणाला, "हे काय केलंत तुम्ही?"

"बॉल परत दिला. का?"

"परत दिला! इथं बॉल परत देत नाहीत. ज्याला मिळतो तो घरी नेतो. आयुष्यभर ठेवतो."

"मग हे सगळे नाचतायत कशाला?"

"कारण दुसऱ्या संघाचा होमरन असला तर तो परत फेकायचा, अशी या मैदानाची रीत आहे. तुमचा होमरन आम्हाला नको, म्हणून."

"मग झालं तर! तुलाही फेकावाच लागला असता."

"नाही!" मिहीर ओरडला. आठ दिवसांत मी त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. त्यानं पँटच्या खिशात हात घातला आणि एक जुना, काळपट बॉल बाहेर काढला. "हा फेकला असता! म्हणून तर हा मी दर मॅचला खिशात ठेवतो! खरा ग्लोव्हमध्ये राहू द्यायचा आणि हा फेकायचा. लांबून कुणाला कळतंय?"

मी त्या बॉलकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. अख्ख्या स्टेडियमला टोपी घालायचा बेत हा नाकासमोर चालणारा मुलगा खिशात घेऊन फिरत होता! मला एकदम हसू फुटणार होतं, पण मी अंपायरचा चेहरा केला.

"ते काही असो," मी म्हणालो. "कॅच मी घेतला."

"माझ्या ग्लोव्हच्या पुढं हात घालून."

"ज्याचा हात पुढं, त्याचा बॉल."

"नाही काका. मी 'माझा' म्हणून ओरडलो होतो, तीनदा. तुमच्या क्रिकेटमध्ये चालतं का असं? एकानं 'माझा' म्हटल्यावर दुसऱ्यानं मध्ये घुसायचं? सांगा, अंपायर आहात ना तुम्ही?"

चालत नाही. एकानं हाक दिली की दुसऱ्यानं बाजूला व्हायचं, हे मी स्वतः शाळेच्या पोरांना ओरडून शिकवलेलं. तरी सांगतो, कॅच माझाच होता.

तो थांबला नाही. आठ दिवसांचं तुंबलेलं पाणी होतं ते. "आणि बिनडोक खेळ नाही हा. ताशी नव्वद मैलांनी येणारा बॉल, मारायचा की सोडायचा हे डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं. आणि फिल्डर भित्रे नाहीत. एकाला तरी भेटून मग बोला. आणि सेंट लुईसला तुम्हाला त्या झेलाला टाळी वाजवायची होती. तुमचे हात वर आले होते, मी बघितलं. मुद्दाम वाजवली नाहीत."

"मिहीर!" वृंदा त्याचा शर्ट ओढत म्हणाली. "पुरे."

"थांब वृंदा. एक राहिलंय." त्यानं आवाज खाली आणला. आता तो ओरडत नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त नीट ऐकू आलं. "तुम्ही हिला सारखं म्हणता, तुला काय कळतंय, गप बस. तिला कळतं. या खेळातलं तिला माझ्याएवढं कळतं, आणि बाकीच्या पुष्कळ गोष्टींतलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. ते तुम्ही म्हणू नका. मला आवडत नाही. माझ्यासमोर तरी नको."

आजूबाजूला लोक अजून माझ्या नावानं काहीतरी गात होते. मी खाली बसलो. राग आला नाही. अक्का आठवली. तिच्यासाठी असं एक वाक्य त्या घरात कुणी एकदा तरी म्हटलं असतं तर? माझ्या मुलीच्या वतीनं हा मुलगा माझ्यासमोर उभा राहिला होता, आणि ते सुद्धा लग्नाचा निर्णय माझ्या हातात असताना. पुढं काय होईल याचा हिशेब न करता.

"मग आठ दिवस मूग गिळून का बसला होतास?" मी विचारलं.

मिहीरनं वृंदाकडे बघितलं. वृंदानं बाकाखालच्या फोलपटांकडे.

"काय गं?"

"मीच सांगितलं होतं त्याला," ती पुटपुटली. "म्हटलं, अण्णांना उलटं बोललेलं चालत नाही. ते काहीही म्हणाले तरी हो म्हण. काहीही. सेंट लुईसला तो बोलणारच होता, तेव्हाही मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं."

"कुणी सांगितलं तुला, मला चालत नाही म्हणून?"

"अण्णा," ती म्हणाली, "मी तुमच्या घरात चोवीस वर्षं राहिलेय."

मी डोक्यावरची निळी टोपी सारखी केली आणि मॅच बघायला लागलो. ती शिकागोवाल्यांनी जिंकली. शेवटी सगळं स्टेडियम गाणं म्हणायला लागलं, परकी माणसं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून झुलत होती. आमच्या बाकावर एक म्हातारा, एक मुलगी आणि एक मुलगा सरळ पुढं बघत बसले होते. वातावरण म्हणतात ते हेच असेल तर मला ते पुरेपूर मिळालं होतं.

बाहेर पडताना मी मिहीरच्या खांद्यावर हात ठेवला. "आज संध्याकाळी घरी जेवायला ये. तुला मला काहीतरी विचारायचंय म्हणे, वृंदा म्हणत होती. ये, विचार. मी ऐकतो."

माझ्या मते एवढं पुष्कळ होतं. कुणाही मुलानं तिथंच वाकून नमस्कार केला असता. मिहीरनं ग्लोव्ह काखेत धरला.

"आज नाही, काका," तो म्हणाला. "आज मी तुमच्यावर रागावलोय. रागात असताना असलं काही विचारायचं नसतं. मी उद्या येतो."

आणि त्यानं आम्हाला घरापर्यंत सोडलं, माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं, सीटचा पट्टा अडकवायला मदत केली, उतरताना "सावकाश, पायरी आहे" म्हणाला. बाकी वाटेत एक अक्षर नाही. गाडी वळून गेली तशी वृंदा माझ्याकडे न बघता आत गेली आणि भांडी वाजवायला लागली. तिला वाटत होतं, सगळं संपलं. मी काय ठरवलंय हे तिला विचारायचं होतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. मलाही तोंडावर सांगता येईना. आयुष्यभर मी बोट वर करून निकाल दिला. गळ्यातून कसा द्यायचा, याची सवयच नव्हती.

म्हणून मी सोलापूरला फोन लावला. तिकडे पहाट होती. सुमन उठलेली असणार, कारण त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं.

"काय हो, इतक्या सकाळी?" मागून बादली भरत असल्याचा आवाज येत होता. "सगळं बरं आहे ना? भांडलात तर नाही कुणाशी?"

"भांडलो," मी म्हणालो. "जावई रुसलाय."

पलीकडे थोडा वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं. इकडे स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

"कुणाचा जावई?" सुमननं विचारलं.

"कुणाचा म्हणजे? आपला."

वृंदा ओल्या हातांनी तशीच बाहेर आली आणि माझ्या हातातून फोन घेतला. "आई," एवढंच तिला म्हणता आलं. पुढं दोघीही नुसत्या रडत होत्या, एक शिकागोत आणि एक सोलापुरात. रिसीव्हरमधून बादलीचं पाणी काठावरून फरशीवर पडताना मला स्वच्छ ऐकू येत होतं. आमच्याकडे नळ तीन दिवसांआड येतो आणि सुमन तांब्याभर पाणीसुद्धा वाया जाऊ देत नाही. त्या सकाळी मात्र तिनं ते खुशाल वाहू दिलं.